उटण्याची कमाल

“याले तर काहीच वास नाही!” ट्यूब नाकापासून दूर करत जयवंताबाई म्हणाल्या.

धंतोलीतल्या त्या औषधाच्या दुकानाचे मालक ताराचंद यांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. डोक्याला घट्ट बांधलेला दुपट्टा, आणि दुपट्ट्यातून डोकावणारा लालभडक डावा गाल. “बिनवासाचीच लिहून दिली आहे डॉक्टर मॅडमनी. वासवाली पाहिजे तर ही घ्या ताई, व्हिटॅमिन सीवाली. हिरोइनसारखा ग्लो येतो.”

“ग्लो नाही पाहिजे मले. तोंड जाग्यावर राहिलं पाहिजे.”

हे बोलणारी बाई शहराबाहेरच्या वाडीत तीस वर्षांपासून पार्लर चालवते, हे ताराचंदना ठाऊक असतं तर ते खो खो हसले असते. अमरावती रोडवरून रात्रंदिवस ट्रक जातात, त्यांची धूळ बायांच्या तोंडावर बसते, आणि त्या धुळीवर जयवंताबाईंचा संसार उभा होता. नवरा शालिकराम एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात मुनीम. त्याच्या पगारात किराणा यायचा. मुलाचं, म्हणजे पियुषचं शिक्षण आणि घरावरचा दुसरा मजला मात्र झाला तो भुवयांच्या दोऱ्यावर आणि संत्र्याच्या सालीच्या उटण्यावर. हिवाळाभर गच्चीवर साली वाळत. मसूर, आंबेहळद, नागरमोथा घालून त्या कुटल्या की वस्त्रगाळ करून बरण्या भरायच्या. वाडीतली पोरगी हे उटणं लागल्याशिवाय बोहल्यावर चढत नसे.

कोणतीही नवी क्रीम आली की जयवंताबाईंची परीक्षा ठरलेली. बोटांत चोळायची, वास घ्यायचा आणि मग थोडी स्वतःच्या गालाला लावायची. चुरचुरली तर ती गिऱ्हाइकाच्या तोंडाला लागत नसे. कंपनीचा माणूस कितीही गोड बोलो, जयवंताबाईंचा गाल नाही म्हणाला की संपलं.

मग मोठ्या रस्त्यावर काचेचं सलोन उघडलं आणि नवऱ्या तिकडे वळू लागल्या. त्यातच एक दिवस भुवया करून घेता घेता एक पोरगी फोनवर मैत्रिणीला म्हणाली, “आंटीचंच तोंड लोंबून राहिलं, त्या माहं काय चमकवतील!” जयवंताबाईंनी दोरा चालूच ठेवला. भुवई त्यांनी तलवारीसारखी कोरून दिली. पण त्या संध्याकाळी दुकान बंद केल्यावर आरशासमोर बसून त्या स्वतःच्या गालांकडे गिऱ्हाइकाचे असल्यासारख्या बघत राहिल्या. पोरगी खोटं बोलली नव्हती, आणि राग त्याचाच आला.

चेहऱ्याची कातडी ओढून घ्यायचं ऑपरेशन करायचं म्हटल्यावर घरात व्हायचा तो तमाशा झाला. “या वयात काहून पाहिजे हे?” शालिकराम ओरडला.

“तुम्ही मोतीबिंदू काढला तेव्हा मी विचारलं का, काहून काढता म्हणून?”

“डोळ्याचं काम असते!”

“माह्या धंद्यात तोंडाचं काम असते,” जयवंताबाई म्हणाल्या, आणि दिवाळीनंतर दवाखान्यात जाऊन आल्या.

इथवर सगळं त्यांच्या मनासारखं झालं. घोटाळा केला तो त्यांच्या त्या नावाजलेल्या परीक्षेनं. टाके निघाल्यावर डॉक्टरबाईंनी निक्षून सांगितलं होतं, साधं तोंड धुवायचं, साधी क्रीम, दुसरं काही नाही. पण जिनं अख्ख्या वाडीला उटणं लावलं, तिनं स्वतः दुकानातली ट्यूब लावायची? जयवंताबाईंनी चिमूटभर उटणं दुधात कालवलं आणि गालाला लावून बघितलं. चुरचुर नाही, काही नाही. मग बिनधास्त थापलं आणि चांगलं वाळू दिलं. दुसऱ्या दिवशी गाल सोललेल्या टमाटरासारखा झाला.

“काकू, ऑपरेशननंतर गाल कितीतरी महिने बधिर असतो,” डॉक्टरबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या. “त्याला विचारून काय उपयोग? त्याला काही कळतच नाहीये.”

सोनारानंच कान टोचले ते बरं झालं. दुसऱ्या कोणाचं जयवंताबाईंनी ऐकलं नसतं. त्या तडक या औषधाच्या दुकानात आल्या होत्या, आणि आता पर्समधून चष्मा काढून एकेक खोका उलटा करून वाचत होत्या. कशात गुलाब, कशात लिंबू. एकात तर चक्क संत्र्याच्या सालीचा अर्क. तो खोका त्यांनी जरा वेळ हातात धरला, जुनी ओळखीची बाई भेटावी तसा, आणि परत ठेवून दिला. ताराचंदनी रात्री लावायची सुरकुत्यांची क्रीम पुढे सरकवली.

“कातडीले तिखट असते ही. आत्ता नाही.” जयवंताबाईंनी ती परत सरकवली. शेवटी काउंटरवर राहिलं ते एवढंच : फेस न होणारा फेसवॉश, बिनवासाची क्रीम, उन्हाची सनस्क्रीन आणि व्रणावर लावायचं जेल. प्रत्येकातलं थोडं त्यांनी कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहिलं. गालावरचा भरवसा उडाला होता, पण परीक्षा घेतल्याशिवाय काही विकत घ्यायचं नाही हा नियम मोडायचं त्यांना कारण दिसत नव्हतं.

त्यानंतर जयवंताबाईंनी ते व्रत केलं म्हणा ना. उन्हात दुपट्टा, घरात असतानाही सनस्क्रीन. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाया पुढे आल्या की त्या आधीच बजावत, “कपाळालेच लावा, गालाले हात नका लावू वं.” बाया हसायच्या. हसोत बापड्या. माघ महिना लागला तेव्हा लाली गेली होती, सूज उतरली होती, आणि आरशातली बाई दहा वर्षं मागे जाऊन उभी होती.

अशात एका दुपारी रुख्मिणीबाई आल्या. हार्डवेअरवाल्या गणपतरावांची बायको, जयवंताबाईंच्याच वयाची. मुलीचं, खुशीचं लग्न ठरलं होतं. खुशी बाहेर स्कूटीवर बसून फोनवर बोलत होती. रुख्मिणीबाई मात्र आत येऊन थेट जयवंताबाईंच्या तोंडासमोर उभ्या राहिल्या.

“बाप्पा! फोटोत पाहिलं तं मले वाटलं फिल्टर लावला असंल. हे तर खरंच आहे!”

“कोणता फोटो?”

रुख्मिणीबाईंनी मोबाइल पुढे केला. हर्षाचं, सुनेचं स्टेटस होतं. एका बाजूला जुन्या जयवंताबाई, दुसऱ्या बाजूला नव्या, आणि खाली ठळक अक्षरांत : ‘आमच्या घरच्या उटण्याची कमाल!’ हर्षा कोपऱ्यात टॉवेलच्या घड्या घालत होती. घातलेल्याच घड्या मोडून ती पुन्हा घालू लागली.

“खुशीचं तर करूच,” रुख्मिणीबाई म्हणाल्या. “लग्नाले येणाऱ्या सगळ्या पाहुण्या बायांले एकेक बरणी देतो म्हटलं. अन एक माह्यासाठी वेगळी. तुम्ही लावता तीच.” त्यांनी हनुवटीखालची लोंबती कातडी चिमटीत धरली आणि आवाज खाली आणला. “लग्नापर्यंत हे जाईल ना, ताई?”

“जाते ना काकू! रोज लावा फक्त,” हर्षा म्हणाली.

“हर्षा, जरा आत ये,” जयवंताबाई म्हणाल्या.

पडद्यामागे हर्षानंच आधी तोंड उघडलं. “खोटं काय लिहिलं मी, आई? उटणं आपलं, तोंड तुमचं.”

“अन मधातली डॉक्टरची सुरी?”

“झाकली मूठ सव्वा लाखाची असते. दोन सिझन गेले, नवरी नाही आली आपल्याकडे. आता येऊन राहिली. याच्यासाठीच केलं ना तुम्ही ऑपरेशन?”

याच्यासाठीच केलं होतं. पोरगी आळशी नव्हती, वाईट नव्हती, आणि बोलत होती तेही खरं होतं. त्यांनी काही बोलायचंही नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं, की वाडीतल्या बाया बरण्या न्यायला रांग लावणार होत्या. पण रुख्मिणीबाई रोज सकाळी उटणं थापणार, रोज आरशात बघणार, आणि कातडी तशीच लोंबत राहिली की दोष उटण्याला देणार नाहीत, स्वतःच्या तोंडाला देतील. तसं आरशासमोर बसणं काय असतं, हे जयवंताबाईंना कोणी सांगायला नको होतं. त्यांनी पडदा बाजूला केला.

“रुख्मिणीताई, माहं उटणं चांगलं आहे. मळ काढते, रंग उजळते. पण लोंबलेलं वर ओढत नाही. कोणाचंच उटणं ओढत नाही. मी ऑपरेशन केलं, धंतोलीत.” त्यांनी कानामागचे केस वर धरले आणि मान वळवली. “हे पाहा. अन उटणं मले सध्या चालत नाही. दुकानातली बिनवासाची क्रीम लावतो मी.”

रुख्मिणीबाईंची चिमूट सुटली. त्या कानामागच्या गुलाबी रेघेकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पर्स काखेत घेतली.

“मग बरण्या राहू द्या सध्या. खुशीले विचारून सांगतो.”

‘विचारून सांगतो’ म्हणजे काय, हे धंद्यातल्या माणसाला वेगळं कळावं लागत नाही. रुख्मिणीबाई बाहेर गेल्या. हर्षानं टॉवेलांची चळत फळीवर आपटली.

“तो फोटो काढून टाक,” भिंतीलगतच्या बाकावर बसत जयवंताबाई म्हणाल्या. “रागव माह्यावर, पण काढून टाक.”

हर्षानं मोबाइल उचलला. तेवढ्यात दार पुन्हा लोटलं गेलं. रुख्मिणीबाई उंबऱ्यात उभ्या होत्या, पायात चपला तशाच.

“जयवंता,” त्या म्हणाल्या. ताई नाही, बाई नाही. “दुखलं काय वं?”

जयवंताबाईंच्या जिभेवर उत्तर तयार होतं. दोरा असो, वॅक्स असो, पोरींचं नाक टोचणं असो, त्या सगळ्यांना एकच सांगत आल्या होत्या : काही नाही होत, मुंगी चावल्यासारखं वाटते. शालिकरामनं खर्च विचारला होता. पियुषनं घरी कधी सोडणार ते विचारलं होतं, आणि हर्षानं सूज कधी उतरेल ते. हे कोणीच विचारलं नव्हतं.

“दुखलं,” त्या म्हणाल्या. “लय दुखलं. कानामागचे टाके असे ठणकत, आडवं होता येत नव्हतं. बसल्या बसल्या झोपत होती मी.”

बाहेर खुशीनं हॉर्न वाजवला. रुख्मिणीबाईंनी चपला काढल्या, आत आल्या आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर न बसता बाकावर जयवंताबाईंच्या शेजारी येऊन बसल्या.