गार कपाटाचं झालं गरम कपाट

मी फ्रिज बोलतोय. हसून घ्या. ज्याच्या पोटात बर्फाचा खडा घटकाभर टिकणार नाही, त्यानं स्वतःला फ्रिज म्हणवून घ्यायचं म्हणजे नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. हे मलाही कळतं.

या घरात आलो तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. बाईंनी माझ्या डोक्यावर भरतकामाचं कापड घातलं, त्यावर फुलदाणी ठेवली आणि पहिला हुकूम सोडला, "दार लावा." त्या दिवसापासून हे दोन शब्द मी जितके ऐकले, तितकं त्यांच्या मुलांनी स्वतःचं नाव ऐकलं नसेल. माणसांची तऱ्हाच न्यारी. भूक नसली तरी दार उघडून उभी राहतात, जणू मगाशी आत नव्हतं ते मी एवढ्यात पैदा केलं असेल.

मग एके दिवशी माझं मशीन बसलं. गरज सरो, वैद्य मरो. फुलदाणी नव्या फ्रिजवर चढली आणि माझी रवानगी मागच्या खोलीत झाली. तिथं मालकांचा पसारा होता. मालक मधमाश्या पाळतात. रिकाम्या पेट्या, जाळीची टोपी, धूर करायचं भांडं आणि त्यांच्या सोबतीला पोटात रद्दी भरलेला मी.

त्या हिवाळ्यात मालकांचा सगळा मध डब्यांत थिजला. चमचा घातला तर चमचा वाकायचा. आता मध थिजणं हा काही गुन्हा नाही, हळूहळू ऊब दिली की तो पुन्हा वाहू लागतो. पण हळूहळू हा शब्द मालकांना कुठला माहीत असायला! त्यांनी एक डबा थेट गॅसवर चढवला आणि करपवला. बाईंनी त्यांना स्वयंपाकघराची बंदी केली.

तेव्हा मालकांना मी आठवलो. माझ्या भिंती जाड, आतली ऊब बाहेर जाणार नाही. काम हाती घेतलं बाईंच्या भावानं. हे मेव्हणे शिलाईयंत्रं दुरुस्त करतात, त्यामुळे जगातली झाडून सगळी यंत्रं आपल्याला कळतात असा त्यांचा समज. त्यांनी माझं मेलेलं मशीन उपटलं, आतल्या दिव्याच्या जागी मोठा बल्ब लावला. ऊब जास्त झाली की तो बंद करणारं यंत्रही बसवलं. वायर मात्र जुनीच ठेवली. चालतंय त्याला हात कशाला लावायचा, म्हणे.

मधाचे डबे माझ्या पोटात गेले. मालक रोज दार उघडायचे. बल्ब लख्ख पेटलेला. खुशीत मान हलवायचे आणि बाईंची शिकवण स्मरून दार घट्ट लावायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बल्ब चालू, मध दगड. मेव्हण्यांनी येऊन पाहिलं आणि मधातच खोट आहे असा निकाल दिला. चोराच्या उलट्या बोंबा! मला सगळं ठाऊक होतं, पण सांगणार कसं? पूर्वी निदान घरघर तरी करता यायची.

शेवटी बाईंनी भंगारवाल्याला बोलावलं. तो येण्याच्या आदल्या संध्याकाळी मालक माझ्या दाराला पाठ टेकून खाली बसले.

"याच्याबरोबर माश्यांच्या पेट्याही देऊन टाक," ते म्हणाले. "मला आता काही जमत नाही."

बाई गप्प राहिल्या. त्या गप्प राहू शकतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. भंगाराची धास्ती होतीच, पण खरं सांगतो, त्या माणसाचं मला जास्त वाईट वाटलं.

आता बाईंची एक रीत आहे. वस्तू भंगारात द्यायची तरी पुसून द्यायची, नाहीतर भंगारवाला काय म्हणेल! त्यांनी फडकं घेतलं आणि दार उघडून चौकट पुसायला लागल्या. चौकटीतल्या लहानशा बटणावर फडकं दाबलं गेलं आणि बल्ब विझला. फडकं उचललं, पेटला. पुन्हा दाबलं, पुन्हा विझला.

"अहो, दार लागलं की याचा दिवा विझतो," त्या म्हणाल्या. "जन्मभर हा तेच करत आलाय. आणि आपण दार लावून वाट बघत बसलोय."

मालक त्या बटणाकडे बघत राहिले आणि मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. त्यांनी त्या बटणाच्या तारा सोडवून एकमेकींना जोडल्या. मी हेच सांगणार होतो, असं मेव्हणे नंतर म्हणाले. म्हणणारच.

सकाळी भंगारवाल्याला फक्त माझं जुनं मशीन मिळालं. दुपारपर्यंत मध डब्याच्या कडेनं सुटायला लागला, आणि त्याच्या पुढच्या दिवशी मालकांनी डबा कलता केला तर धार लागली. बाईंनी बोट चाटून पाहिलं. "करपला नाही," एवढंच म्हणाल्या. बाईंच्या तोंडून हे म्हणजे सत्कारच. मालक पेट्या साफ करायला बसले.

उभा जन्म दार लागलं की मी अंधारात. माझ्याच पोटात काय ठेवलंय, ते मी कधी नीट पाहिलं नव्हतं. आता बंद दाराआड उजेड असतो आणि समोर मध सावकाश पातळ होताना दिसतो. मालक अजूनही दर घटकेला दार उघडून बघतात, आणि बाई अजूनही ओरडतात. या खेपेला मी बाईंच्या बाजूचा आहे. मालक, हात जोडतो, दार लावा.