हार घातलेली जीप

मी एक जुनी जीप आहे. अंजनगाव सुर्जीच्या बाजारामागे बाभळीखाली उभी असते. चाकांत हवा नाही आणि मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालतात. मित्रांनो, माझी कीव करू नका. मला सांगायचं आहे तेवढं ऐका म्हणजे झालं.

तरुणपणी मी शेंदूरजनाघाटची संत्री वाहिली. पुढे धारणीच्या घाटात माणसं वाहिली, आत बारा आणि टपावर जेवढी मावतील तेवढी. अब्दुल सत्तार माझा ड्रायव्हर. रोज पुसायचा आणि रोज शिव्याही द्यायचा. आमचं बरं चाललं होतं.

दोन वर्षांपूर्वी मेळघाटात अतिवृष्टी झाली. अंजनगावकरांनी मदत समिती केली. बियाण्यांचे व्यापारी वामनराव तिचे अध्यक्ष. माणूस मनाने मोठा, सलाइनची वीस खोकी त्यांनी स्वतः घेऊन दिली. धारणीच्याही पलीकडच्या एका गावात विहिरीचं पाणी नासलं होतं आणि घरोघरी हगवण लागली होती. तिथली नर्स आचल सकाळीच सत्तारला फोनवर म्हणाली, "भाऊ, सलाइन संपलं. सहा वर्षांची चंदा हाय, डोये खोल गेले तिचे. दोनच्या आत या, नाही तं पोरगी हातची जाईन."

"येतो," सत्तार म्हणाला. सातला वामनरावांना घेऊन आम्ही निघालो. पाऊस उघडला होता, रस्ता कोरडा होता. बारापर्यंत आरामात पोचलो असतो.

पण वऱ्हाडातला माणूस मदत घेऊन चाललेल्याला कोरडा जाऊ देईल काय? पहिल्याच गावात लोक रस्त्यावर उभे. नारळ, शेला, चहा. दुसऱ्या गावात भाषणं. तिसऱ्यात तर पंगतच मांडलेली. सत्तार प्रत्येक ठिकाणी म्हणायचा, "वामनराव, निघू आता. तिकडे पोरगी वाट पाहून राहिली." वामनराव हळूच म्हणायचे, "अरे, त्याइनं एवढं केलं, ताटावरून उठाव काय? वाईट दिसते ते." शेवटी सत्तारच्या खांद्यावरही शेला पडला आणि तोही पानावर बसला.

आणि मी? खोटं कशाला बोलू! दसऱ्याचा झेंडू सोडला तर मला कोणी कधी फूल घातलं नव्हतं. त्या दिवशी बॉनेटवर सात हार होते. चौथ्या गावाची माणसं दिसली तेव्हा मला आनंदच झाला. आज त्याची लाज वाटते.

आम्ही पोचलो तेव्हा पाच वाजले होते. चंदा साडेतीनला गेली होती. आचलने आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गावात आणखी अकरा जण अंथरुणावर होते, म्हणून पहिलं खोकं चंदाच्या बापानेच खांद्यावर घेतलं. भगवंत त्याचं नाव. जाता जाता त्याने सत्तारला विचारलं, "रस्ता लय खराब असन, नाही का भाऊ?"

सत्तार दुसरं खोकं उतरवायला वळला. वामनराव म्हणाले, "हो ना बाप्पा. लय खराब."

ते अकरा जण वाचले. पेपरात आमचा फोटो आला आणि खाली खराब रस्त्याची बातमी. महिन्याभरात सत्तारने मला इथे आणून लावलं आणि ड्रायव्हरकी सोडली. वामनराव अजून त्या रस्त्यासाठी अर्ज करतात. सांगून सांगून त्यांना आता ते खरंच वाटू लागलं आहे.

मित्रांनो, मदतीची गाडी दिसली तर तिला हार घालू नका, चहा विचारू नका. बाजूला व्हा आणि जाऊ द्या तिला. आणखी एक काम करा, माझ्याच्याने ते होत नाही. धारणीकडचे जीपवाले सांगतात, भगवंत दर उन्हाळ्यात घमेल्याने मुरूम आणून त्या रस्त्यावरचा एकेक खड्डा एकटाच बुजवतो. त्याला कोणीतरी सांगा, त्या दिवशी रस्ता चांगला होता.