बोल्टवरची लाल रेघ

वणीतल्या विठ्ठलरावांच्या गॅरेजात एक नियम आहे. जो बोल्ट ढिला पडला तर इंजिनच जातं, तो आवळणाऱ्यानं त्यावरून शेजारच्या भागावर आपल्या रंगाची रेघ ओढायची; बोल्ट फिरला की रेघ तुटते. पुढे कधी ती रेघ तुटलेली दिसली, तर टॉर्क पाना विठ्ठलरावांच्या खुर्चीमागच्या खिळ्याला परत लटकवायचा. हा पाना ठरवलेला जोर भरला की ‘कट्ट’ वाजतो. गॅरेजात तो एकच आहे आणि ज्याच्यावर विठ्ठलरावांचा भरवसा, त्याच्याकडे असतो. बारा वर्षांत दोघांनी तो परत केला. त्यातला एक कपिल. त्याला तो पुन्हा मिळालेला नाही.

कपिलची रेघ पिवळ्या ऑइल पेंटची. वर्षा राठोडची लाल नेलपॉलिशची. फुलसावंगीजवळच्या तांड्यावरून वर्षा इथं कामाला निघाली, तेव्हा आई रामीबाईनं ढाणकीच्या बाजारातून आणलेली बाटली तिच्या बॅगेत टाकली होती, लग्नकार्याला लागेल म्हणून. वर्षाच्या नखांत ग्रीस असतं. बाटली पान्यांच्या पेटीत गेली.

टॉर्क पाना तिच्याकडे येऊन चार महिने झाले होते. सोमवारी सकाळी इंदुताई गाडी घेऊन आल्या. त्या मारेगावकडच्या एका शाळेत शिकवतात आणि रोज स्वतः गाडी चालवत जातात.

“पोरी, थरथर करून राह्यली,” त्या म्हणाल्या. “अन् पट्टा चिरकते.”

चाळीस दिवसांपूर्वी वर्षानंच या गाडीचं पुढचं ऑइल सील बदललं होतं. त्यासाठी क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याच्या, टोकावरची पट्टा फिरवणारी पुली काढावी लागते आणि तिच्या मधोमध असलेला मोठा बोल्ट पुन्हा आवळावा लागतो.

कपिलनं गाडी जॅकवर घेतली, उजवं चाक काढलं आणि टॉर्च मारली. पुलीवर इथल्या कोळसाखाणींच्या धुळीचा थर होता. त्यातून दिसणारं लाल रेघेचं बाहेरचं टोक आतल्या भागापासून दोन बोटं पुढे गेलं होतं.

“काका, इकडं या. लकीर तुटली.”

विठ्ठलराव वाकले, बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी वर्षापुढे हात केला. “आण तो पाना.”

“देईन काका. पण पहिले मले पाहू द्या.”

“आता काय पाहाचं राह्यलं?” कपिल म्हणाला. “नेलपॉलिशनं गाड्या चालत नसतेत, वर्षाबाई.”

“तुह्या पिवळ्या पेंटानं चालली होती काय?”

इंदुताईंना हसू आवरलं नाही.

वर्षानं घासलेटात फडकं बुडवून पुली हळूच पुसली. ती रेघ नेहमी बोल्टच्या डोक्यापासून पुलीच्या बाहेरच्या कडेपर्यंत ओढत असे. बाकीचे बोल्टच्या शेजारीच थांबत. आता लाल रंग स्पष्ट दिसू लागला. बोल्टवरून पुलीच्या मधल्या भागापर्यंत रेघ सरळ होती, कुठंही तुटलेली नव्हती. फक्त बाहेरच्या कडेवरचा तुकडा सरकला होता.

“बोल्ट जागचा हालला नाही, काका. कडा फिरली.”

“कडा कशी फिरन?” विठ्ठलरावांनी चष्मा लावला.

वर्षानं मधला भाग आणि कडा यांच्यामधल्या फटीत नख घातलं. तिथं दोन्ही भाग जोडणारी, थरथर शोषणारी रबराची कडी असते. तिचा चुरा नखासोबत बाहेर आला.

“रबर सुटलं, हे खरं,” विठ्ठलराव म्हणाले. “पण बोल्ट घट्ट होता, हे कोन सांगन?”

“बोल्टच सांगन.”

कपिल लांब दांड्याचा पाना घेऊन आला. “दांडा चेसिसले टेकवतो. तू स्टार्टर मार. एका झटक्यात सुटते.”

“झटक्यानं सुटला त किती घट्ट होता, ते कसं समजन?”

ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याला दोन खुंट्या वेल्ड करून वर्षानं एक पट्टी बनवली होती. खुंट्या तिनं पुलीच्या मधल्या भागातल्या दोन भोकांत बसवल्या, पट्टीचं दुसरं टोक जमिनीला टेकवलं. पुली जागच्या जागी अडली.

“ओढ,” ती कपिलला म्हणाली. “मी ओढला त म्हनशील, नाटक करून राह्यली.”

कपिलनं दांडा ओढला. बोल्ट हलला नाही. त्यानं पाय भिंतीला लावून ओढला, मानेच्या शिरा फुगल्या. तरी नाही. शेवटी दांड्यावर तीन फुटी पाइप चढवून त्यानं सगळं वजन टाकलं. ‘कडाक्’ असा आवाज झाला, बोल्ट सुटला आणि कपिल जमिनीवर बसला.

“काय म्हनते बोल्ट?” विठ्ठलरावांनी विचारलं.

कपिलनं घाम पुसला. “टाइट होता.”

“कायले पुटपुटतं? आयकू नाही आलं.”

“टाइट होता म्हनलं न!”

दुपारी नवी पुली आली. वर्षानं बोल्टही नवा घेतला. तो बसवण्याआधी तिनं क्रँकचं टोक आणि आटे तीनदा पुसले. वणीच्या हवेत धूळ असते. तिचा कण बोल्टखाली राहिला, तर पाना वाजतो पण बोल्ट पुरता बसत नाही. मग तिनं पान्यावर एकशे तीसचा आकडा लावला. कपिलनं न सांगता पट्टी धरली. तिनं एका दमात, झटका न देता दांडा खाली आणला. कट्ट.

तिनं बाटली उघडली आणि बोल्टच्या डोक्यापासून कडेपर्यंत रेघ ओढली.

चाक चढलं, गाडी सुरू झाली. इंदुताईंनी बॉनेटवर तळहात ठेवला. थरथर नव्हती, पट्ट्याचा आवाजही नव्हता. “उद्या वर्गातल्या पोरीले सांगीन तुह्यं नाव,” त्या म्हणाल्या आणि निघाल्या.

विठ्ठलरावांनी हातोडी मागितली. खुर्चीमागचा तो खिळा उपसून त्यांनी वर्षाच्या टेबलावरच्या भिंतीत ठोकला.

“अन् कपिल, आजपासून तूही लकीर कडेलोक ओढत जाय.”

“हाव काका.”

वर्षानं टॉर्क पाना पुसला, त्याची कळ सैल करून सगळ्यात खालच्या आकड्यावर आणली, आणि तो आपल्या खिळ्याला लटकवला.