आगाऊ ठोके

मी एक जुनी डबी आहे, मित्रांनो. माझ्या वायरी छातीला चिकटवतात आणि मग मी दिवसरात्र हृदयाचे ठोके टिपते. दवाखान्यात मला होल्टर म्हणतात. नांदेडला डॉक्टर लुंबिनी यांच्याकडे मी नवी कोरी आले, तेव्हा सगळे मला जपून हाताळत. आता माझे कोपरे झिजले आहेत. झाकणाच्या खाचेत थोडे कुंकू आहे, ते कंधारच्या धुरपताबाईंचे.

धुरपताबाईंना चार पायऱ्या चढल्या तरी दम लागे. छातीत मध्येच ठोका चुके. "उपासाचं हाय ते," असे त्या म्हणत. सूनबाई उज्वलाने त्यांना दवाखान्यात आणले. सोनोग्राफीत हृदयाचा जोर कमी दिसला. कारण मात्र कळेना. म्हणून मला बांधले. "काढायची नाही, भिजवायची नाही," डॉक्टरांनी बजावले.

पण ओलेत्याने तुळशीला पाणी घालायचा बाईंचा नेम होता. पहाटे त्यांनी मला काढले, देव्हाऱ्यात ठेवले, हळदकुंकू वाहिले. वायरी परत कुठे लावायच्या ते कळेना.

"राहू दे देवापाशी. देवच मोजंल."

दिवसभर मी घंटी ऐकली, आरती ऐकली. ठोका एकही नाही.

कोरी नोंद पाहून डॉक्टरांनी मला पुन्हा बांधले. दुसऱ्या पहाटे बाईंचा हात माझ्याकडे आलाच.

"आत्या," उज्वला सासूबाईंना म्हणाली, "आज ओल्या फडक्यानं अंग पुसा. तुळशीला पाणी मी घालते."

"बिनआंघोळीची पूजा? न्हाई जमायची."

"मग पूजा नका करू, नाम घ्या. नामाला आंघोळ लागत न्हाई, हे तुम्हीच सांगता की मला."

बाईंनी हात मागे घेतला. मग म्हणाल्या, "लई आगाऊ हायस."

त्या दिवशी वरून नाम आणि आतून ठोके, दोन्ही मी ऐकले. दर चार-पाच ठोक्यांनी एक ठोका वेळेआधीच पडत होता.

"हे आगाऊ ठोके," डॉक्टरांनी समजावले. "हृदय पुरतं भरायच्या आधीच हा ठोका पडतो, म्हणून रक्त थोडंच पुढं जातं. असे एखाद-दुसरे सगळ्यांनाच येतात. पण रोज इतके, महिनोन्महिने आले, की हृदयाचा स्नायू थकू शकतो. ठोके आवरले, तर बहुतेकदा तो सावरतो."

"म्हंजे एक आगाऊ घरात, बाकीचे छातीत," बाई म्हणाल्या. उज्वला तोंडाला पदर लावून हसली.

गोळ्या सुरू झाल्या. काही महिन्यांनी मला पुन्हा बांधले, तेव्हा आगाऊ ठोके तुरळक उरले होते. हृदयाचा जोरही वाढला होता. बाई आता पायऱ्या चढतात, सावकाश.

आता छातीला चिकटवायच्या नव्या, चपट्या पट्ट्या आल्या आहेत. मी बहुधा कपाटातच असते. तरी एक मागणे आहे, मित्रांनो. घरात कुणाचा ठोका वारंवार चुकत असेल, दम लागत असेल, तर वयावर किंवा उपासावर ढकलू नका, दाखवून घ्या. आणि माझ्यासारखी डबी बांधली, तर एक दिवस ती छातीपाशीच राहू द्या. देव्हाऱ्यात मान मोठा मिळतो, पण तिथून मला ठोके ऐकू येत नाहीत.