राणीछाप पैशाची कात

"तिन्ही लोकांत कात टाकणारे दोनच. एक शेषनाग, दुसरा हा माझा पैसा," असं ताम्रेश्वर बाबांनी बालाघाटच्या बाजारात जाहीर केलं आणि लगेच शालीत हात घालून बगल खाजवली.

बगलेकडे कोणाचं लक्ष नव्हतं. सगळ्यांचे डोळे बाबांच्या तळहातावरच्या राणीछाप तांब्याच्या पैशावर होते. नवे पैसे येऊन वर्ष झालेलं. जुना पैसा घेताना भाजीवालीसुद्धा नाक मुरडायची. बाबांच्या पैशाचा भाव मात्र चढतच होता. अंगठ्याचं लांब नख फिरवत बाबा मंत्र पुटपुटले की तांब्याचा पापुद्रा अलगद सुटायचा. मागच्या गुरुवारी राणीचा मुकुट गेला होता, आज नाक गेलं.

पैशानं कात टाकली तशी रोग्याची कातडीही कात टाकील, असा बाबांचा हिशेब होता. पैसा बुडवलेलं पाणी प्यायचं, दक्षिणा म्हणून घरचं तांब्याचं भांडं द्यायचं. पथ्य एकच: दवाखान्याचं मलम लावायचं नाही. पैसा रुसतो.

तुळसाबाई कमरेवर माहेरची पाण्याची तांब्याची गुंडी घेऊन उभी होती. तिच्या शीलाला खरूज झाली होती. नवरा शालिकराम भरवेलीच्या खाणीत कामाला. त्यानं मलमाची डबी माळ्यावर फेकली तेव्हापासून पोरीच्या बोटांच्या बेचक्यांत पू धरला होता. मूठ मिटत नव्हती, घास आईच भरवायची.

"डाक्टर तं नुसतं चोपडाले सांगते," बाजूला उभा शालिकराम म्हणाला. "इथं पैसाच कात टाकून राह्यला."

शीला शाळेत काहून येत नाही, हे विचारायला निघालेल्या सरिताबाई मास्तरीण नेमक्या तिथंच थांबल्या. त्यांनी पैसा हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि फार भक्तिभावानं सुचवलं, की बाबांचा पैसा एकटा पडलाय, त्याला भावंडं दाखवू. ज्याच्याकडं राणीछाप असेल त्यानं आणावा.

घराघरांतून पैसे आले, पोत्यावर पसरले. त्यात एकाच्या राणीचा गाल तसाच सुटलेला निघाला. पैसा महागूचा, म्हणजे त्याच्या दारूच्या गुत्त्यातला.

"याच्या कडेनं मी बाटल्यांची बुचं उकलतो," महागू म्हणाला. "मंत्राचं काही आठवत नाही."

बाबा म्हणाले, कोण्या जन्माचं पुण्य असंल त्याचं.

"या जन्मातलं तं नाही," महागूची बायको मैनाबाई म्हणाली. गर्दी हसली आणि बाबांच्या पैशाचा भाव तिथंच पडला.

सरिताबाईंनी शेजारच्या हॉटेलातून कणकेचा गोळा मागवला. त्यात चिमूटभर कोरडं पीठ दडवून तुळसाबाईला लाटायला लावलं. पोळी भाजून निघाली. बाईंनी नख लावताच वरचा पापुद्रा सुटला.

"टाकसाळीत हेच होतं," त्या म्हणाल्या. "तांबं ओतताना आत राख, मळ, हवेचा बुडबुडा राहतो. ते लाटून पत्रा केला की बुडबुडाही चपटा होतो आणि तिथं तांबं एकमेकाला धरत नाही. त्याच पत्र्याच्या चकत्या, त्यावर राणीचा ठसा. पुढं वापरून वापरून, गंजून पापुद्रा उचलतो. पैसा खोटा नाही, शालिकराम, गोष्ट खोटी आहे. कोणी नवल दाखवलं तर हात जोडायच्या आधी तसंच दुसरं कुठं सापडतं का, ते पाहत जा."

तुळसाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. "माळ्यावरची डबी काढता, का मी चढू?"

"हौ," शालिकराम म्हणाला, "काढतो."

खरजेचा किडा हातातून हातात जातो, म्हणून घरातल्या सगळ्यांनी मलम लावा, कपडे उकळा, असं बाईंनी बजावलं. गर्दी पांगली. तुळसाबाई गुंडी सावरून निघाली, तेवढ्यात मागून शालीचं टोक हललं.

"माय," गावभराचे हात हातात घेतलेले ताम्रेश्वर बाबा हळूच म्हणाले, "त्या डबीतलं बोटभर मलेही देजो."