मखमलीची लव आणि मी

मी एक जुनी कात्री आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवते, मी कागद कापत नाही. शिवणाच्या दुकानात खिळ्याला टांगलेली दिसले म्हणून कोणीही यावं आणि माझ्याकडून पाकिटं फोडून घ्यावीत, असली मी नव्हे. मी कापडाची कात्री. पंचवीस वर्षं एकाच बाईच्या हातात काढली आहेत. तिला सगळे मास्तरीण म्हणतात.

लोहाराच्या दुकानात आम्ही बाराजणी मांडलेल्या होतो. मास्तरीण तेव्हा तरुण होती. तिने एकेकीला उघडून-मिटून पाहिलं आणि माझ्यापाशी थांबली. तिच्या अंगठ्याने माझ्या कडीचा काळा रंग पहिल्या दोन वर्षांतच घासून काढला. एकदा तिच्या धाकट्या जावेने मला घेऊन खोक्याचा पुठ्ठा कापला, तर मास्तरीण तीन दिवस तिच्याशी बोलली नाही. मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू!

तिची बोटं म्हणजे काही औरच. मखमलीला लव असते, ठाऊक आहे ना? एका दिशेने हात फिरवला की मऊ लागते, उलट फिरवला की अडते. कोटाचे दोन्ही भाग लवीच्या एकाच दिशेने कापावे लागतात, नाहीतर एक बाजू काळपट दिसते आणि एक फिकी. मास्तरीण डोळे मिटून लव ओळखायची. काजं-बटणं करणारा तिचा नवरा मुद्दाम तुकडे उलटसुलट करून ठेवायचा, पण बाई एकदाही फसली नाही. तो म्हणायचा, हिला डोळे दहा आहेत, बोटांना एकेक.

मग ती आजारी पडली. सहा केमो झाल्या. दुकान अर्धवट उघडं असायचं आणि मी खिळ्यावर. नवऱ्याने मला गंज चढू नये म्हणून इतकं तेल पाजलं की माझ्याखालची भिंत डागळली. घर दुकानाच्या मागेच, मधल्या पडद्यामागून तिच्या ओकाऱ्या ऐकू यायच्या. सहावा डोस संपला, तपासण्या चांगल्या आल्या, डोक्यावर बारीक कुरळे केस उगवले. भेटायला येणारे म्हणायचे, सुटलीस बाई. नवरा म्हणाला, गंगेत घोडं न्हालं.

तिने मला खिळ्यावरून उतरवलं आणि मी चमकले. हात तिचाच होता, पण पकड परक्याची. कधी इतकी घट्ट की माझा स्क्रू कुरकुरे, कधी इतकी सैल की मी टेबलावर आपटे. टाचण्या तिच्या बोटांतून निसटायच्या. माप घेऊन वळेपर्यंत आकडा डोक्यातून जायचा. दुपारी कापडावरच डोकं टेकून झोपायची. आठवडाभर बरं वाटे, ती गुणगुणायला लागे, की पुन्हा चार दिवस अंथरुणात. थंडीच्या सकाळी तर माझं लोखंड तिला चटका बसावा तसं लागायचं, म्हणून तिने माझ्या कड्यांना चिंधी गुंडाळली.

जावेला एकदा संशय आला. तेव्हा मास्तरीण म्हणाली, बोटांना जरा मुंग्या येतात, चौथ्या डोसापासून. डॉक्टरांना सांगितलंस का, असं जावेने विचारलं. त्यावर ती हसली. ज्यांनी जीव वाचवला त्यांच्यापुढे मुंग्यांचं रडगाणं काय गायचं, असं तिचं म्हणणं.

अशात गाणं शिकवणाऱ्या बाई आल्या. हातात आईने जपून ठेवलेली गडद निळी मखमल. एका कोटापुरतीच होती आणि तसली आता कुठे मिळत नव्हती. मास्तरणीने ती टेबलावर पसरली, डोळे मिटले आणि नेहमीसारखा हात फिरवला. नवरा घुटमळत होता. म्हणाला, उजेडात एकदा बघून घेऊ का? ती फणकारली, पंचवीस वर्षं मी काय गवत कापतेय का? तो काजांकडे गेला.

मित्रांनो, मला कळलं होतं. दुसऱ्या भागाला पातं लावलं आणि लव माझ्या धारेला उलटी लागली. एरवी मी जुन्या कापडालाही अडून बसते, दोरा चावते, नखरे करते. त्या दिवशी अडले असते तर तिने मला उचललं असतं, कापड पुन्हा पाहिलं असतं. पण इतक्या दिवसांनी तिने माझ्यावर मोठं काम सोपवलं होतं. मी सरळ, सुरेख कापत गेले. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सफाईदार काम ते, आणि तेवढंच मला आठवायला नको वाटतं.

कोट घालून बाई आरशापुढे उभ्या राहिल्या. डावी बाजू गडद, उजवी फिकी. मास्तरीण पुढे आली, दोन्ही भागांवर हात फिरवू लागली, पुन्हा पुन्हा.

"मला कळत नाहीये," ती म्हणाली. "माझ्या बोटांना काहीच कळत नाही हो. किती महिने झाले."

नवरा खाली बसला. "कप पडायचे तुझ्या हातून," तो म्हणाला. "मला वाटलं, केस आले म्हणजे झालं."

बाईंनी कोट घडी करून नेला. रागावल्या नाहीत, पण परत आल्याही नाहीत.

मग दोघं डॉक्टरांकडे गेली. चौथ्या डोसालाच सांगितलं असतं तर औषधाचं प्रमाण बदलून पाहता आलं असतं, असं ते म्हणाले. आता थोडं सुधारेल, थोडं राहील. घरी येऊन नवऱ्याने हे मला तेल लावता लावता स्वतःशीच दोनदा म्हटलं.

आता मास्तरीण कापडावर गाल टेकवून लव ओळखते. गालाला अजून कळतं. ती खडूने आखते आणि जाऊ कापते, तीच पुठ्ठेवाली. माझ्या कडीला दुसऱ्याच अंगठ्याची सवय, त्यामुळे ती तिला बोचते आणि मीही तिला सहजासहजी वळत नाही. पण चाललंय.

तुमच्या घरी कोणी मोठ्या दुखण्यातून उठलं असेल, तर नुसते केस बघून हरखू नका. हात हातात घ्या, काय काय राहून गेलंय ते विचारा, आणि "काही नाही" म्हणाले तर पुन्हा विचारा. आणि दुखणं तुमचंच असेल, तर लाजू नका, सांगा. मला तोंड असून बोलता आलं नाही. तुम्हाला येतं.

रोज संध्याकाळी दुकान आवरताना मास्तरीण मला हातात घेते आणि माझ्या पात्यावरून हळूच बोट फिरवते. पूर्वी ती धार बघायची. आता आज काही कळतंय का, ते बघते. मी तेव्हा तोंड घट्ट मिटून घेते आणि ती काय म्हणते याची वाट बघते.