पुढच्या रांगेतलं हसू

"अक्का, माइकची टेस्ट झाली. आता जरा तुमची," कुंदन म्हणाला.

कोकिळाबाईने पदर सावरला आणि हसून दाखवलं. शिडीवरचा मंडपवाला हसला, पोलीस हसले, हार घेऊन उभ्या क्रेनचा ड्रायव्हरही हसला. कशाला, ते कुणालाच माहीत नव्हतं.

जळगावातल्या मेहरूणच्या या बाईचं हसू तसंच होतं. आधी कुकरची शिट्टी, मग म्हैस पाण्यात पडल्याचा आवाज. डाळमिलमध्ये ती हसली की बाकीच्या बायका निवडलेले खडे पुन्हा डाळीत टाकत, म्हणून मालकाने तिला वेगळ्या खोलीत बसवलं होतं. पक्षाचा कार्यकर्ता कुंदन तिच्याच गल्लीतला. त्याने हे हसू हेरलं आणि दर सभेला तिला पुढच्या रांगेत बसवायला लागला. ती हसली की मैदान हसे. एक उमेदवार तिच्या हसण्यावर निवडून आला होता, आणि दुसरा केवळ तिचा घसा बसल्यामुळे पडला होता.

आज मंत्री यायचे होते. 'हे युद्ध मीच सुरू केलं,' असं ते टीव्हीवर सांगत. बंगल्याचं बांधकाम काढल्यासारखं.

"शेवटी भरीतवाला जोक आहे. त्यावर जोरात हसायचं. मग मंत्र्यांच्या पीएंना गाठून समाधानची खबर मी काढतो. शब्द आपला," कुंदनने बजावलं.

"भरीतमा हसासारखं काय शे रे, भाऊ?"

"युद्धाचं भरीत आहे, अक्का."

समाधान तिचा मुलगा, सीमेवर होता. फोन केला की म्हणायचा, "माय, हसी दाखाड." स्पीकर लावायचा आणि अख्खी बराक हसायची. सगळ्यांत आधी यावलकडचा तेरसिंग, उचकी लागल्यासारखा. लढाई पेटली आणि फोन बंद पडला. तेव्हापासून कोकिळाबाई घरात हसली नव्हती.

मंत्री आले, बोलले, रंगात आले.

"शत्रूचं आम्ही पार जळगावी भरीत करून टाकलं! आता मिरच्या भाजायच्या म्हटल्यावर आपल्यालाही थोडा ठसका लागणारच की!"

कुंदनने खूण केली. कोकिळाबाईने तोंड उघडलं. ठसका म्हणजे कोण, ते तिच्या ध्यानात आलं. तिने तोंड मिटलं.

मैदान तिच्या पाठीकडे बघत थांबलं. मंत्र्यांनी जोक पुन्हा सांगितला. मग समजावून सांगितला. भरीत म्हणजे शत्रू, मिरची म्हणजे दारूगोळा, आणि ठसका म्हणजे... इथे ते अडकले.

"अक्का, हसा ना! समाधानची खबर!" कुंदन खुर्चीमागून कुजबुजला.

"मना पोऱ्या ठसका नही शे, भाऊ."

ती हळूच बोलली होती, पण त्या शांततेत ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.

मंत्री गंभीर झाले. रुमाल काढला. "मातांनो, त्याग मीही केलाय. युद्ध सुरू झाल्यापासून मी जिलेबीला हात लावलेला नाही."

शिट्टी वाजली.

कोकिळाबाईने दाबायचा प्रयत्न केला, पण म्हैस पाण्यात पडलीच. मैदान फुटलं. मंडपवाला खांबाला मिठी मारून हसला. पीएंनी फाइल तोंडावर धरली, ती फाइलही हलत होती.

"यात हसण्यासारखं काय आहे?" मंत्र्यांनी माइकमध्ये विचारलं. तो त्या दिवसाचा सगळ्यांत चांगला जोक ठरला.

मंत्री तडक गाडीत बसले. क्रेनवाल्याला पुढचं कुणीच सांगितलं नव्हतं. भाषण संपलं की हार घालायचा, एवढंच त्याला ठाऊक. त्याने समोर बघितलं, विचार केला आणि हार पुढच्या रांगेत सोडला. झेंडूच्या त्या डोंगरातून कोकिळाबाईचं फक्त डोकं बाहेर राहिलं, आणि टाळ्या काही थांबेनात.

कुंदन तिच्याशी बोलेनासा झाला. खबर आली नाही. तिच्या हसण्याचा व्हिडिओ मात्र गावोगाव फिरला.

मग एका दुपारी डाळमिलमधल्या त्या वेगळ्या खोलीत फोन वाजला.

"माय! तुना व्हिडिओ आठे बठ्ठासनी देखा. हसी दाखाड ना!"

सूप खाली ठेवून ती हसली. पलीकडून बराक हसली. जाड, घोगरी, दमलेली हसणी एकमेकांवर आदळत होती. खडा शोधावा तसं ती त्यांतून काहीतरी शोधत राहिली. तेरसिंगची उचकी आली नाही.

तिने विचारलं नाही. समाधाननेही सांगितलं नाही.

"माय? शे ना?"

"शे रे पोऱ्या, आठेच शे."

मग तिने आधी एक उचकी दिली, आणि पुन्हा पहिल्यापासून हसायला लागली.